उरीयाची बायको आणि इतर नावं

मत्तयाचं शुभवर्तमान नावांनी सुरू होतं. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, याकोबाला यहूदा व त्याचे भाऊ झाले. नव्या करारात काय आहे ते पाहू म्हणून उत्सुकतेनं पुस्तक उघडणारा वाचक पहिल्याच पानावर या वंशावळीत सापडतो आणि बहुतेक वेळा ती ओलांडून थेट योसेफाच्या स्वप्नापाशी जातो. उपासनेत हा अध्याय वाचायची पाळी आलेले कित्येक जण जरुब्बाबेल, अबीहूद, एल्याकीम अशा नावांपाशी चाचरतात आणि शेवटी वेग वाढवून सुटका करून घेतात. मला मात्र ही यादी मोठ्यानं, सावकाश वाचायला फार आवडते. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, हा रूक्ष भाग आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

मत्तयानं यादीची रचना जाणूनबुजून केली आहे. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा, असं तो स्वतःच सतराव्या वचनात मोजून सांगतो. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. दावीद हे नाव तीन व्यंजनांनी लिहितात. त्यांची किंमत ४, ६ आणि ४, म्हणजे बेरीज १४. मत्तयाच्या मनात हाच हिशेब असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. संख्या जमावी म्हणून असेल, पण योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे त्यानं सरळ गाळले आहेत.

राजे गाळणारा हा माणूस चार स्त्रिया मात्र गाळत नाही. तामार, राहाब, रूथ, आणि चौथी? चौथीचं नाव बथशेबा. पण मत्तय तिचं नाव लिहीत नाही. दावीदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला, एवढंच तो म्हणतो.

हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला तिचा राग आला, म्हणजे तिच्या वतीनं राग आला. तिच्या वाट्याला आधीच इतकं आलेलं, आणि आता नावही काढून घेतलं! ती तक्रार माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. पण त्या ओळीत आणखी एक माणूस उभा आहे, हे हळूहळू दिसायला लागलं. उरीया हित्ती हा दावीदाच्या सैन्यातला परदेशी वंशाचा योद्धा. राजानं त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, ती गरोदर राहिली, आणि ते झाकेना म्हणून राजानं उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करण्याचा हुकूम सेनापती यवाबाला लिहिला. ते पत्र नेलं कोणी? उरीयानंच. स्वतःच्या मरणाचा कागद त्यानं स्वतःच्या हातानं पोचवला. मत्तय दावीदाच्या वंशाचा गौरव सांगायला बसला आहे, आणि नेमक्या दावीदाच्या ओळीतच त्यानं या मारलेल्या माणसाचं नाव कोरून ठेवलं. सिंहासनाच्या वारसांची यादी वाचताना दर वेळी उरीयाचा उच्चार करावाच लागतो. या हित्ती माणसाच्या नावाचा अर्थ आहे, याह माझा प्रकाश आहे. याह म्हणजे इस्राएलाचा देव.

शास्त्रातली नावं अशी असतात. ती नुसती हाक मारायला ठेवलेली नसतात, त्यांच्यामागे काहीतरी घडलेलं असतं. इसहाक म्हणजे तो हसतो. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून आधी अब्राहाम हसला. मग तंबूच्या दारामागे सारा हसली आणि भीतीनं, मी हसले नाही, असंही म्हणाली. मूल झाल्यावर ती म्हणते, देवानं मला हसवलं आहे. एकाच नावात अविश्वासाचं हसू आहे, घाबरून लपवलेलं हसू आहे आणि आनंदाचंही आहे, आणि ते घेऊन इसहाक आयुष्यभर वावरतो.

राहेलीची गोष्ट याहून कठीण. बेथलेहेमाच्या वाटेवर तिला प्रसूतीच्या कळा लागतात आणि जीव जाता जाता ती मुलाचं नाव ठेवते बेनोनी, माझ्या दुःखाचा मुलगा. याकोब ते नाव बदलतो आणि त्याला बन्यामीन म्हणतो, उजव्या हाताचा मुलगा. बापाचं मला कळतं. आईच्या मरणाचं ओझं पोरानं नावात वाहू नये, असं त्याला वाटलं असणार. पण उत्पत्तीचा कथाकार दोन्ही नावं लिहून ठेवतो. मुलगा बन्यामीन म्हणून वाढला, त्याच्या नावाचा वंश झाला, तरी मरणाऱ्या बाईचा शेवटचा शब्द पुसला गेला नाही. इतक्या जुन्या लेखनात ही काळजी घेतलेली पाहून मी थांबते.

रूथच्या पुस्तकात नामी आपल्या गावी परत येते तेव्हा नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली असते. बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे इब्रीत गोड, मनोहर. मारा म्हणजे कडू. मराठी कानाला ‘नामी’ हा शब्द आपोआप छान लागतो, हा निव्वळ योगायोग. पण पुढे काय होतं पाहा. तिनं स्वतः मागितलेलं नाव तिला कोणीही देत नाही. कथाकार शेवटपर्यंत तिला नामीच म्हणतो. तिचं दुःख त्याला खोटं वाटतं असं नाही, पण तेवढ्यावर तिची ओळख संपवायला तो तयार नाही.

होशेयाच्या मुलांविषयी मात्र मला असं समाधान कधी मिळालं नाही. संदेष्ट्याला आज्ञा होते की मुलीचं नाव लो-रुहामा ठेव, जिच्यावर दया झाली नाही ती. मग मुलगा होतो, त्याचं नाव लो-अम्मी, माझे लोक नव्हेत. इस्राएलाला इशारा म्हणून ही नावं. दुसऱ्या अध्यायात तीच उलटवली जातात, लो गळून पडतो, अम्मी आणि रुहामा उरतात, आणि ते वळण फार सुंदर आहे हे मान्य. तरी मधली वर्षं? त्या मुलीला अंगणातून आत बोलावताना कोणीतरी रोज तीच हाक मारली असेल. व्याख्या करणारे या नावांचा संदेश समजावून सांगतात आणि पुढे जातात. मला त्या मुलीला सोडून पुढे जाता येत नाही, आणि शास्त्र वाचताना असं अडून राहण्यात काही चुकतं आहे असंही वाटत नाही.

जुन्या करारातली नावं मोठ्यानं वाचली की त्यांची ठेवणही कानाला कळते. यशया, यिर्मया, जखऱ्या, नहेम्या, सफन्या, ओबद्या यांच्या शेवटी ‘या’ आहे. दानीएल, यहेज्केल, शमुवेल, इस्राएल यांच्या शेवटी ‘एल’. एल म्हणजे देव, आणि ‘या’ हे देवाच्या य-ह-व-ह या चार व्यंजनांच्या नावाचं लहान रूप, जे नाव यहूदी वाचक उच्चारतच नाहीत. ते नाव आलं की ते अदोनाय, म्हणजे प्रभू, असं वाचतात. पुढे त्या चार व्यंजनांना अदोनायचे स्वर जोडून पश्चिमेकडे एक उच्चार रूढ झाला, आणि त्याच वाटेनं आपल्या जुन्या मराठी प्रतींमध्ये ‘यहोवा’ आलं. आता बहुतेक ठिकाणी ‘परमेश्वर’ वाचायला मिळतं. जळत्या झुडपापाशी मोशेनं नाव विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, मी आहे तो आहे. नाव विचारणाऱ्याला मिळालं एक क्रियापद! जे नाव पूर्ण उच्चारायला माणसं धजत नाहीत, त्याचा तुकडा मात्र आईबाप आपापल्या मुलांच्या नावात घालत राहिले. हालेलूया म्हणतानाही शेवटी तेच ‘या’ आपल्या तोंडी असतं.

इथं मराठी शास्त्राची एक बाजू मला फार मोलाची वाटते. इंग्रजीत कुलपिता जेकब वेगळा आणि शिष्य जेम्स वेगळा. मूळ नाव एकच, पण लॅटिनमधून फ्रेंचमार्गे प्रवास करताना त्याची दोन रूपं झाली. मराठीत दोघंही याकोब. पत्र लिहिणारा याकोब ज्या बारा वंशांना सलाम पाठवतो, ते वंश त्याच नावाच्या पूर्वजाचे आहेत, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

यहूदाच्या बाबतीत तर हे जिवाला लागतं. इंग्रजीत वंशाचा पूर्वज जूडा, विश्वासघात करणारा जूडस, पत्र लिहिणारा ज्यूड. तीन माणसांना तीन नावं, त्यामुळे विश्वासघातक्याला वेगळा काढून ठेवता येतो. मराठीत तिघंही यहूदा. लेआनं चौथ्या मुलाला हे नाव दिलं ते परमेश्वराची स्तुती करण्यासाठी. याच वंशात येशू जन्मला, आणि तीस रुपे घेऊन त्याला धरून देणाऱ्याचंही नाव तेच. हे नाव फक्त वाईट माणसाचं, अशी सोय आपल्याला मिळत नाही. शतकानुशतकं एका नावाच्या आधारानं संपूर्ण यहूदी समाजाचा द्वेष केला गेला, हा इतिहास आठवला की ही गैरसोय किती गरजेची आहे ते पटतं.

उलट एका जागी मराठीनं दोन नावं केली आहेत. यहोशवा आणि येशू. ग्रीकमध्ये दोघंही ‘येसूस’, अर्थ परमेश्वर तारतो. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात यहोशवानं लोकांना विसावा दिला असता तर, असं वाक्य आहे. ग्रीक मूळ ऐकणाऱ्याला तिथं क्षणभर दोघंही एकदम ऐकू येत असणार. आपल्याला एकच ऐकू येतो. त्याला इलाज नाही.

नावांइतकेच जुने शब्दही मला धरून ठेवतात. लूक तिसऱ्या अध्यायात काळ नोंदवतो: तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, पंतय पिलात यहूदीयाचा सुभेदार, हेरोद गालीलाचा मांडलिक. सुभेदार, मांडलिक, जकातदार, वतन. मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा पेशवाई अजून संपलेली नव्हती, आणि पुढचे मराठी अनुवादक कामाला बसले तेव्हाही हे शब्द लोकांच्या व्यवहारात ताजे होते. सुभेदार म्हणजे दूरच्या सत्तेनं नेमलेला माणूस, हे वाचणाऱ्याला अनुभवानं ठाऊक होतं. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता हे वाचून त्याच्याकडे लोक कसे पाहत असतील, हेही. रोमी साम्राज्य समजावून सांगायला लांबलचक टीप लागली असती. या शब्दांनी ते काम एका फटक्यात केलं.

वल्हांडण हा शब्द तर मला सगळ्यांत प्रिय. मिसर देशात शेवटची पीडा आली त्या रात्री कोकराचं रक्त लावलेली दारं परमेश्वर ओलांडून गेला, त्या आठवणीचा हा सण. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे. आज हे क्रियापद कोणी बोलत नाही. ते शास्त्रात एका सणाचं नाव होऊन राहिलं आहे, आणि त्याच्या शेजारी ‘बेखमीर भाकर’ आहे, जिच्यात फारसी ‘बे’ आणि अरबी ‘खमीर’ आपल्या भाकरीला येऊन मिळाले आहेत. पुस्तकांच्या नावांतही असे शब्द आहेत. पाचव्या ग्रंथाचं नाव ‘अनुवाद’. नवा वाचक गोंधळतो, हा कशाचा अनुवाद? पण संस्कृतात अनुवाद म्हणजे मागून पुन्हा सांगणं. मोशे यार्देनेच्या अलीकडे उभा राहून आधी दिलेलं नियमशास्त्र नव्या पिढीला पुन्हा सांगतो. ग्रंथाचं ग्रीक नावही दुसरं नियमशास्त्र अशाच अर्थाचं आहे. सातवा ग्रंथ ‘शास्ते’ तसाच. न्यायाधीश म्हटलं असतं तर डोळ्यांपुढे कोर्ट आलं असतं, आणि गिदोन किंवा शमशोन हे लढवय्ये पुढारी कोर्टात बसणारे नव्हेत.

नोहाचं तारू म्हणताना तारण आणि तारणारा हे शब्द आपसूक शेजारी येतात. मूळ इब्रीत तारवासाठी जो शब्द आहे, तो सबंध शास्त्रात आणखी एकाच कथेत येतो: तान्ह्या मोशेला आईनं ज्यात ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडलं, त्या पेटाऱ्यासाठी. ज्यात सारी सृष्टी वाचली आणि ज्यात एक बाळ वाचलं, ती दोन्ही एकाच शब्दाची. मराठीत हा धागा तुटला आहे. त्या पेटाऱ्यालाही तारू म्हणायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

शब्द शोधणाऱ्यांचे कष्ट मला या पानांत जाणवत राहतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं. स्वर्गासाठी त्यानं वैकुंठ हा शब्द घेतला. ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच असलेलं उंच ठिकाण त्याला हवं होतं. त्यानंतर तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाई उलट्या दिशेनं गेल्या. संस्कृतच्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात ज्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या होत्या, त्या बाईंनी इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या, न शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत शास्त्र आणायचं ठरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला. एवढं संस्कृत गाठीशी असताना ते बाजूला ठेवणं, यामागचं प्रेम मला फार मोठं वाटतं.

काही शब्द मात्र कोणीच बदलले नाहीत. मार्क ग्रीकमध्ये लिहितो, पण याईराच्या मुलीपाशी येशू जे बोलला ते तो अरामीतच ठेवतो: तलीथा कूमी. बहिऱ्या माणसाला एफ्फाथा. गेथशेमानेत अब्बा. वधस्तंभावर एलोई, एलोई, लमा सबक्थनी. अर्थ तो लगेच देतो, म्हणजे वाचकाला अरामी येत नाही हे त्याला माहीत आहे. तरी आवाज त्याला सोडवत नाही. ‘आमेन’ही तसाच. आपण तो प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो. येशू मात्र बोलण्याच्या सुरुवातीला म्हणतो, आणि योहानात तर दोनदा. जुन्या मराठीत तिथं ‘खचीत खचीत’ आहे. खचीत आज बोलण्यात राहिला नाही, पण मला तो हवाच. त्याच्यासाठी जीभ जराशी थांबते आणि पुढचं वाक्य वजनानं येतं. स्तोत्रांत ७१ वेळा आणि हबक्कूकात तीनदा येणाऱ्या ‘सेला’चा नेमका अर्थ तर कोणालाच ठाऊक नाही. बहुधा गाणाऱ्यांसाठी खूण असावी. ती तशीच, न समजता, जपली गेली.

जुना म्हणून प्रत्येक शब्द जपावा, असं मात्र मी म्हणणार नाही. एक शब्द मला जायला हवा आहे. लेवीयच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायात जे चट्टे सांगितले आहेत, ते माणसाच्या कातडीवर पडतात, कपड्यावर पडतात, घराच्या भिंतीवरही पडतात. भिंतीला होतो तो काही कुष्ठरोग नव्हे. इब्रीतला तो शब्द त्वचेवरच्या आणि वस्तूंवरच्या अनेक विकारांसाठी आहे. ग्रीकमध्ये त्याचं ‘लेप्रा’ झालं, आणि मराठीत जुन्या प्रतींनी ‘महारोग’ म्हटलं. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला, १९८०च्या दशकापासून तो बहुविध औषधांनी बराही होऊ लागला. पण तोवर अशुद्ध, अशुद्ध असं ओरडत छावणीबाहेर राहण्याचा लेवीयातला नियम एका वेगळ्याच आजाराच्या माणसांच्या माथी बसला होता. त्यांना घरांतून काढणाऱ्यांनी शास्त्राचा आधार घेतला. इथं एका शब्दानं माणसांचं आयुष्य मोडलं आहे.

आणि ही माणसं कोण, हे शास्त्र क्वचितच सांगतं. मत्तयाच्या आठव्या अध्यायात येशू ज्याला हात लावतो, त्याला नाव नाही. लूकातल्या दहा जणांनाही नाही. आंधळ्यांपैकी नाव कळतं ते एका बार्तीमयाचं, आणि तेही बापावरून: तीमयाचा मुलगा. नाव नसलेल्या माणसाला अनुवादक जो शब्द देतो, तोच त्याचं नाव होऊन बसतो. आजार बरा झाला तरी सुटत नाही. बेथानीत शिमोनाच्या घरी येशू जेवायला बसला होता. चारचौघांना घरी बोलावून पंगत मांडणारा हा शिमोन तेव्हा बरा झालेलाच असणार. तरी मत्तय आणि मार्क दोघंही त्याला ओळखतात ते कुष्ठरोगी शिमोन म्हणून. नव्या आवृत्त्या जिथं जिथं त्वचारोग असा शब्द घालू लागल्या आहेत, तिथं मला जुनं काही गमावल्याचं वाईट वाटत नाही. वल्हांडण ठेवा, खचीत ठेवा, सेला तर ठेवाच. पण शिमोनाच्या नावापुढचा तो शब्द खोडायला मी आज तयार आहे.